हुडहुडी न भरणाऱ्या बाळाला ताप येतो कसा?

प्रश्न एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा आहे. तिचं म्हणणं असं: "फिजिऑलॉजीच्या पुस्तकात तापाची आकृती आहे. मेंदूतून तीन बाण निघतात. एक त्वचेच्या रक्तवाहिन्यांकडे, एक स्नायूंकडे आणि एक ब्राऊन फॅटकडे. पण वॉर्डात मलेरियाचा पेशंट पाहिला, तो नुसता थडथडत होता. तिसरा बाण माणसात खरंच काही करतो का? आणि नवजात बाळ थरथरत नाही, तर त्याला ताप चढतो कसा? तोंडी परीक्षेत नेमकं काय सांगू?"

तिसरा बाण, म्हणजे उष्णता तयार करणाऱ्या तपकिरी चरबीकडे (ब्राऊन फॅटकडे) जाणारा, खरा आहे. फक्त तो सगळ्यांत सारख्या जाडीचा काढायला नको होता. उंदरात तो ठसठशीत आहे, तुमच्या मलेरियाच्या पेशंटमध्ये केसाएवढा, आणि नवजात बाळात त्याची जाडी बाळ किती महिन्यांचं जन्मलं, पोटात दूध किती गेलंय आणि खोली किती गार आहे यावर ठरते. माझी तीसेक वर्षं नवजात बाळांच्या कक्षात गेली, त्यामुळे या तिसऱ्या बाणाबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. पण आधी तुमच्या पेशंटकडे परत जाऊ.

मे महिना आहे, पंखे फुल आहेत, बाकीचे रुग्ण बनियनवर पडलेत आणि हा माणूस दोन ब्लँकेटं घेऊन तिसरं मागतोय. दातांवर दात आपटताहेत, खाट हलतेय, दंडावर काटा आलाय, नखं निळसर झालीत. तळवे गारठलेले, आणि काखेतला थर्मामीटर 38.2 अंश सेल्सिअस दाखवतोय. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, थंडी वाजतेय त्यांना." बरोबरच म्हणतात. त्याच्या हायपोथॅलॅमसने, म्हणजे मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राने, तापमानाचा आकडा 40 च्या आसपास नेऊन ठेवलाय, अंग अजून 38 वर आहे, आणि हे मधलं अंतर शरीराला थंडी म्हणूनच जाणवतं. कोकणातल्या दमट दुपारीही हुडहुडी भरते ती यामुळे. ताप आला म्हणजे आधी हा आकडा वर गेला. अंग तापणं हा मागाहून चाललेला खटाटोप.

हा खटाटोप किती खर्चाचा, याचा ढोबळ हिशेब करून बघा. मी विद्यार्थ्यांकडून नेहमी करून घेतो. माणसाचं एक किलो शरीर एक अंशाने तापवायला साधारण 0.83 किलोकॅलरी लागतात. 60 किलोच्या माणसाला दोन अंश वर चढायचं, म्हणजे जवळजवळ 100 किलोकॅलरी. आता हा माणूस स्वस्थ पडून असला तरी तासाला 60 ते 70 किलोकॅलरी उष्णता तयार करतच असतो, आणि एरवी तितकीच बाहेर टाकतो. म्हणजे बाहेर जाणारी उष्णता अडवली, तर जादा काहीही न जाळता ताप चढू शकतो. सगळी अडवता येत नाही, पण बरीचशी येते.

शरीर या बाबतीत पक्कं हिशेबी आहे. सगळ्यांत स्वस्त उपाय वागण्यातला: गोधडी ओढायची, गुडघे पोटाशी घ्यायचे, पंखा बंद करायला सांगायचं. त्यानंतरचा स्वस्त उपाय म्हणजे हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळायच्या, की गरम रक्त धडातच राहतं. "कपाळ तापलंय आणि पाय गार पडलेत, म्हणजे ताप अजून चढतोय" हे आपल्या आज्यांचं निदान याच पायरीचं आहे आणि ते चुकत नाही. जळण जाळायची पाळी येते ती यातून भागलं नाही तर, किंवा मलेरियासारखा आकडा एकदम उंच उडी मारून गेला तर. मोठ्या माणसात ते जळण म्हणजे स्नायू. वजनाचा 40 टक्क्यांच्या आसपासचा भाग स्नायूंचा, आणि जोरात थरथरले तर उष्णतेचं उत्पादन सहज दुप्पट-तिप्पट होतं. एवढी मोठी भट्टी हाताशी असताना मानेत आणि गळपट्टीच्या हाडामागे असलेल्या चिमूटभर तपकिरी चरबीची वाट कोण बघणार?

हुकूम तिच्याकडेही जातो, हे मात्र खरं. तो कसा जातो ते बघा, कारण परीक्षेत इथेच गुण असतात. जंतू किंवा परजीवी आला की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6, टीएनएफ हे निरोपे सोडतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी ते ओळखतात आणि कॉक्स-2 या विकराच्या मदतीने प्रोस्टाग्लँडिन ई2 तयार करतात. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या टोकाला, प्रीऑप्टिक भागात, काही चेतापेशींवर त्याचा ईपी3 नावाचा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, असतो. 1998 मध्ये जपानी संशोधकांनी हा एकच रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले, आणि त्यांना जंतूंचं विष टोचलं तरी, इंटरल्यूकिन-1 टोचलं तरी, थेट प्रोस्टाग्लँडिन दिलं तरी ताप आला नाही.

गंमत अशी, की या ईपी3 वाल्या पेशी एरवी ब्रेक दाबून बसलेल्या असतात. प्रोस्टाग्लँडिन त्यांना गप्प करतं, म्हणजे ब्रेकवरचा पाय उचलला जातो. मग हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागातल्या आणि त्याखाली मेंदूच्या देठातल्या रॅफे पॅलिडस या ठिपक्याएवढ्या केंद्रातल्या पेशी मोकळ्या सुटतात, आणि तिथून पाठीच्या कण्यात हुकूम उतरतो. त्वचेच्या रक्तवाहिन्यांना आणि तपकिरी चरबीला सिम्पथेटिक (आपल्या इच्छेविना चालणाऱ्या) नसांतून, स्नायूंना नेहमीच्या प्रेरक नसांतून. नाकामुरा आणि मॉरिसन यांनी हा सगळा मार्ग उंदीर-घुशींच्या जातीच्या प्राण्यांत पेशीपेशीने हुडकून काढला. रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) प्रीऑप्टिक भागात प्रोस्टाग्लँडिनचा थेंब सोडला की तपकिरी चरबीकडे जाणारी नस खडखडायला लागते आणि ती चरबी तापते, हे त्यांनी दाखवलं. तुमच्या पुस्तकातली आकृती बहुतांशी इथून आलेली आहे. प्रयोग चोख आहे. पण सुटलेला बाण लागतोच असं नाही.

तपकिरी चरबी म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असेल असं धरून दोनच गोष्टी सांगतो. साधी पांढरी चरबी ही कोठी आहे, धान्य भरून ठेवायची. तपकिरी ही चूल. 1551 मध्ये कॉनराड गेस्नरने मार्मोट या हिवाळाभर झोपणाऱ्या प्राण्याच्या पाठीत ती पाहिली आणि तिला धड चरबी म्हणावं की मांस हे त्याला ठरवता आलं नाही. रंग येतो तो ठासून भरलेल्या मायटोकॉन्ड्रियांतल्या (पेशीतल्या ऊर्जा काढणाऱ्या कणांतल्या) लोहयुक्त सायटोक्रोमचा आणि दाट रक्तपुरवठ्याचा.

दुसरी गोष्ट यूसीपी1 या प्रथिनाची. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे कोयनेचं धरण समजा. अन्न जाळून प्रोटॉन वर चढवायचे, आणि ते खाली येताना जनित्र फिरवून एटीपीची, म्हणजे पेशीला वापरता येणाऱ्या ऊर्जेची, वीज काढायची, हा नेहमीचा कारभार. यूसीपी1 म्हणजे भिंतीत काढलेलं बिळ. पाणी जनित्र टाळून सरळ खाली कोसळतं, वीज काहीच होत नाही, सगळी ताकद उष्णता होऊन जाते. सिम्पथेटिक नसेने नॉरॲड्रेनलिन सोडलं की चरबीचे थेंब फुटतात, सुटलेली फॅटी ॲसिड इंधनही होतात आणि हे बिळ उघडायची किल्लीही तीच. कुठलाही स्नायू न हलता उष्णता. म्हणूनच ही उष्णता बिनथरथरीची.

आता तुमच्या मूळ शंकेवर. 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये नॅन्सी रॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅटना इंटरल्यूकिन-1 दिलं की ऑक्सिजनचा खप वाढतो आणि तपकिरी चरबी कामाला लागते हे दाखवलं, आणि तापाचा आणि या चरबीचा संबंध पाठ्यपुस्तकांत पक्का बसला. पण त्या काळी यूसीपी1 काढून टाकलेला प्राणी कुणाकडे नव्हता. तो 1997 मध्ये आला. हे उंदीर अचानक थंडीत ठेवले की गारठायचे, तिथे शंकाच नाही. पण 2007 मध्ये जपानी गटाने अशा उंदरांना इंटरल्यूकिन-1 टोचलं, तर ताप नेहमीसारखाच आला. 2020 मध्ये स्वीडनमधल्या लिंक्योपिंगच्या ब्लोमक्विस्ट यांच्या गटाने जंतूंच्या विषाने येणारा ताप तपासला आणि मानसिक ताणाने चढणारं तापमानही तपासलं. बिळ नसलेल्या उंदरांना दोन्ही व्यवस्थित आलं.

मग आधीचे लोक चुकले का? मला तसं वाटत नाही. नस खडखडते हेही खरं, आणि चूल काढून टाकली तरी ताप येतो हेही खरं. हायपोथॅलॅमसला आकडा गाठायचा असतो, तो कुठल्या साधनाने गाठला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एक साधन काढून घेतलं तर दुसरं पुढे सरकतं. याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा जुना आहे, 1976 चा, ब्लाटाइस यांचा. साध्या गिनीपिगला ताप आणला तर तो थरथरून तापतो. तोच गिनीपिग आधी कित्येक दिवस थंडीत सरावलेला असेल, म्हणजे त्याची तपकिरी चरबी पोसलेली असेल, तर तो थरथरणं सोडून या चरबीच्या उष्णतेने तापतो. ताप तोच, भट्टी बदलली.

प्रयोगशाळेचीही एक खोड ध्यानात ठेवा. आपल्याला सुखाची वाटणारी 22 अंशांची खोली उंदराला गार असते. त्याला सुखाची खोली 30 च्या आसपासची. म्हणजे प्रयोगातला उंदीर कायमचा महाबळेश्वरच्या जानेवारीत राहत असतो आणि त्याची चूल रात्रंदिवस पेटलेली असते. त्याच्यावरून नागपूरच्या उन्हाळ्यातल्या माणसाचा निष्कर्ष काढायचा असेल तर जरा बेताने.

मोठ्या माणसात ही चरबी असते का, याचा निकाल 2009 मध्ये लागला. त्या एकाच वर्षी तीन गटांनी पेट स्कॅनवरून (साखर जास्त जाळणारा भाग ज्यात चमकतो त्या तपासणीवरून) ती दाखवून दिली. बोस्टनच्या गटाने जुने स्कॅन चाळले तेव्हा 7.5 टक्के बायकांत आणि 3 टक्क्यांच्या आसपास पुरुषांत ती पेटलेली दिसली. नेदरलँड्सच्या गटाने तरुण पुरुषांना मुद्दाम गारठ्यात बसवलं, तर 24 पैकी 23 जणांत दिसली. न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांना मात्र ही पाहुणी त्याआधीपासून माहीत होती, आणि नकोशी होती. एसीत कुडकुडत बसलेल्या सडपातळ तरुणीच्या मानेत दोन्ही बाजूंनी चमकणारे ठिपके दिसले की लिम्फोमाच्या (एका कर्करोगाच्या) गाठी की ब्राऊन फॅट, असा घोळ व्हायचा. म्हणून पेट स्कॅनच्या आधी पेशंटला उबदार खोलीत ब्लँकेट देऊन बसवतात, कधी नॉरॲड्रेनलिनचा परिणाम अडवणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळीही देतात. तुम्हाला कधी सोबत म्हणून जायची वेळ आली तर बघा.

पण असणं वेगळं आणि पुरणं वेगळं. मोठ्या माणसातली तपकिरी चरबी पेटून जी उष्णता देते, तिची थेट मोजमापं झाली तेव्हा ती दिवसाला एखाद्या साध्या बिस्किटाच्या ऊर्जेइतकी निघाली. वर आपण काढलेला 100 किलोकॅलरीचा आकडा आठवा. तोही तासाभरात हवा होता. तेव्हा तुमच्या मलेरियाच्या पेशंटपुरतं उत्तर हे, की गोधडी, आवळलेल्या रक्तवाहिन्या आणि थरथरणारे स्नायू यांनीच काम उरकलं. तिसऱ्या बाणाने हजेरी लावली असेल इतकंच.

आता बाळाकडे.

तीन किलोच्या बाळाची अडचण अशी, की वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट असतं. कातडी पातळ, तिच्याखाली चरबीचं अस्तर थोडं, स्नायू कोवळे. गोधडी ओढता येत नाही, आणि थरथर तर नावालाच. यासाठी निसर्गाने त्याला जन्मतः चूल देऊन पाठवलंय: दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती, काखेत, छातीच्या आत मोठ्या रक्तवाहिन्यांलगत आणि मूत्रपिंडांच्या भोवती. जागा नीट बघा, सगळी आतल्या मुख्य रक्तप्रवाहाला खेटून आहे. तिथे तापलेलं रक्त सरळ हृदयाकडे जातं. गर्भारपणाच्या साधारण 26 व्या आठवड्यापासून ही चरबी साठायला लागते, म्हणजे सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ जवळजवळ रिकाम्या चुलीने येतं.

पोटात असताना मात्र ही चूल विझवलेली असते. मेंढीच्या गर्भांवरच्या प्रयोगांतून दिसलं, की वारेतून येणारे काही पदार्थ तिला दाबून ठेवतात, आणि त्यातला एक आहे प्रोस्टाग्लँडिन ई2. म्हणजे मेंदूत जो ताप आणतो, तोच गर्भाच्या अंगात चूल पेटू देत नाही! नाळ आवळली की हा पहारा उठतो आणि काही मिनिटांत चूल धरते. एकच रेणू दोन ठिकाणी दोन उलटी कामं करतो, हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नवजात बाळाला ताप चढतो तो रक्तवाहिन्या आवळून आणि ही चूल पेटवून. आकडेमोड त्याच्या बाजूची आहे. तीन किलोचं बाळ एक अंशाने तापवायला अडीच किलोकॅलरी पुरतात, आणि ते स्वस्थ असतानाही तासाला सहाएक किलोकॅलरी तयार करतं. महिने भरून जन्मलेलं, पोट भरलेलं, उबेत असलेलं बाळ जंतुसंसर्ग झाला तर तापू शकतं, तापतंही.

मग आमच्या कक्षात सेप्सिसची (अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाची) इतकी बाळं गार का येतात? इथेच पुस्तकातली आकृती दगा देते. एका बाळाचं उदाहरण सांगतो, ओळख पटेल असे तपशील गाळून. नवव्या दिवशी आणलं. आई म्हणाली, "दोन दिवस झाले, ओढून पीत नाही. ताप नव्हता म्हणून थांबलो." काखेत 35.2. पाय गार, पोटही गार. रडणं मांजराच्या पिल्लासारखं. ग्लुकोज घसरलेलं, श्वास भरभर. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढले. घरच्यांनी ताप येण्याची वाट बघितली, आणि बाळाकडे ताप आणायची ऐपतच उरली नव्हती.

ऐपत हा शब्द मी जाणून वापरतोय. ही चूल पेटायला तीन गोष्टी लागतात: साठलेली चरबी, ऑक्सिजन आणि तिथवर पोचणारं रक्त. दूध न प्यालेल्या बाळाची चरबी संपत येते. श्वासाचा त्रास असेल तर ऑक्सिजन कमी पडतो, आणि तपकिरी चरबी ऑक्सिजनची भलतीच खादाड आहे. तो घटला की सगळ्यात आधी विझणाऱ्यांत ती असते. सेप्सिसमध्ये रक्ताभिसरण ढासळलं की नसेचा हुकूम पोचला तरी जळण पोचत नाही. त्यात गार पडलेलं बाळ उष्णता टिकवायला साखर आणि ऑक्सिजन आणखी उधळतं, त्याने दोन्ही आणखी घसरतात, आणि फेरा फिरत राहतो. मेंदूने तापाचा आकडा वर नेला असला तरी अंग खालीच जात राहतं.

म्हणून आयएमएनसीआयच्या (आजारी बाळं-मुलं तपासायच्या सरकारी मार्गदर्शिकेच्या) तक्त्यात दोन महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी दोन्ही टोकं एकाच रांगेत आहेत: काखेतलं तापमान 37.5 किंवा जास्त, किंवा 35.5 पेक्षा कमी. दोन्ही गंभीर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला आणि जो 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यात गावातल्या आरोग्यदूत बायकांना शिकवलेल्या सेप्सिसच्या खुणांत बाळ हाताला गार लागणं ही खूण होती. प्रोस्टाग्लँडिनचं नाव न घेता त्यांना तिसऱ्या बाणाची मर्यादा शिकवलेली होती. माझ्या मते ते आकृतीपेक्षा कामाचं शिक्षण आहे.

उलटा प्रकारही सांगतो, कारण तो आपल्याकडे फार. बाळंतिणीची खोली, दारं-खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी, बाहेर 42 अंश, आणि बाळाला टोपडं, त्यावर कुंची, हातापायात मोजे, दोन दुपटी. थर्मामीटर 38.1. हा ताप आहे की नुसतं उकडलंय? रक्त तपासायच्या आधी मोजे काढा. जंतुसंसर्गाचा ताप चढत असेल तर बाळाने हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. पोट गरम आणि तळवे गार, दोन अंशांहून जास्त फरक. नुसतं उकडलेलं असेल तर मेंदूचा आकडा जिथल्या तिथे असतो आणि शरीर उष्णता बाहेर टाकायला धडपडत असतं: तळवे गरम आणि गुलाबी, हातपाय पसरून ऐसपैस पडलेलं. दुपटी काढली, शेगडी हलवली, दूध पाजलं, की अर्ध्या-पाऊण तासात आकडा खाली येतो. तरीही महिन्याच्या आतलं बाळ 38 वर गेलं असेल तर नुसत्या तळव्यांवर विसंबून घरी पाठवायचं नाही, नीट तपासायचं. आणि घरच्या घरी पॅरासिटामॉलचे थेंब तर नाहीच. ताप दबेल आणि आपल्याला मिळणारी एक खूण जाईल.

पॅरासिटामॉलवरून आठवलं. ते मेंदूतलं प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, आकडा खाली आणतं. आकडा वर गेलेलाच नसेल, तर त्याचा उपयोग शून्य. उष्माघातात म्हणूनच ते चालत नाही. याचं टोकाचं उदाहरण डायनायट्रोफेनॉल. 1933 च्या सुमारास अमेरिकेत वजन उतरवायची गोळी म्हणून ते विकलं गेलं. ते यूसीपी1 चंच काम करतं, धरणाला बिळ पाडतं, पण फक्त तपकिरी चरबीत नाही. अंगातल्या प्रत्येक पेशीत, आणि बंद करायची किल्ली कुणाकडेच नसते. माणसं आतून भाजून गेली, आणि 1938 पर्यंत ते बाजारातून हटलं. थर्मामीटर 41 दाखवतो म्हणून त्याला ताप म्हणायचं नाही, हे त्यावरून कळेल.

आणि कोलनवॉटरच्या पट्ट्या. आमच्या लहानपणी तापाचा वासच कोलनवॉटरचा असायचा. कपाळावर साध्या पाण्याची पट्टी ठेवून पोराला बरं वाटत असेल तर ठेवा. पण ताप चढता असताना, पाय गार असताना, फ्रिजच्या पाण्याने अंग पुसून काढणं म्हणजे थंडी वाजणाऱ्याला आणखी थंडी देणं. रक्तवाहिन्या आणखी आवळतात, हुडहुडी वाढते, आकडा होता तिथेच राहतो.

मोठ्यांमध्ये तिसरा बाण जाड होण्याची एक जागा आहे, ती जाता जाता सांगून ठेवतो: मोठ्या प्रमाणावर भाजलेले रुग्ण. त्यांचं तापमान आठवडेच्या आठवडे 38 ते 38.5 वर राहतं, नॉरॲड्रेनलिन सतत चढलेलं असतं, आणि त्यांच्या पांढऱ्या चरबीतच तपकिरी गुणधर्माच्या पेशी उगवलेल्या सापडल्या आहेत. कोठीतच चुली मांडल्या गेल्या म्हणा. भाजलेल्या मुलांना प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर त्यांची झीज कमी होते हे 2001 पासून माहीत आहे, आणि त्यातला काही भाग या चुली शांत होण्याचा असावा असं मला वाटतं.

तोंडी परीक्षेत हा सगळा पसारा मांडू नका. परीक्षकाने तीन बाण विचारले तर तीन सांगा, ईपी3 आणि रॅफे पॅलिडसची नावं घ्या. "तपकिरी चरबीचा वाटा किती?" असं विचारलं तर एकदम टक्केवारी ठोकून देऊ नका, "सर, कुणाच्या अंगात आणि किती गार खोलीत?" असं विचारा. परीक्षक बरा असेल तर खूश होईल. नसेल तर पुस्तकातली ओळ म्हणून मोकळ्या व्हा.

पोस्टनेटल (बाळंतिणींच्या) वॉर्डात जायला मिळालं की मात्र एक गोष्ट करा. आईला विचारून, हात धुऊन आणि चोळून गरम करून, हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही सारखंच कोमट लागलं तर बाळ मजेत आहे. पोट गरम आणि पाय गार असतील, तर चूल पेटलेली आहे. का पेटली ते शोधा, आणि तोवर बाळ आईच्या छातीशी लावून द्या. पोटही गार लागलं, तर थर्मामीटर आणायला जाताना सिस्टरना हाक मारूनच जा.